जीव कुणी घेतला?

ग्वांगझूच्या आमच्या लॅबमध्ये सोमवार म्हणजे प्लेट वाचायचा दिवस. शुक्रवारी लावलेल्या प्लेटना, म्हणजे ‘वेल’ नावाच्या छोट्या खळग्यांत परजीवी असलेल्या तांबड्या पेशी आणि अर्क घातलेल्या ताटल्यांना, तोवर 72 तास होतात. त्या सोमवारी रीडरच्या पडद्यावर आकडे उमटले आणि पीएचडी करणारी आमची पोरगी ओरडलीच. एका अख्ख्या ओळीत मलेरियाच्या परजीवीचा डीएनए जवळजवळ नाहीच. तुलनेसाठी क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध घातलेल्या वेलइतका सुपडा साफ! वनस्पतीच्या कच्च्या अर्कात असं सहसा होत नाही. परजीवीची निम्मी वाढ खुंटली तरी आम्ही खूश असतो.

अर्क होता छायहू या चिनी औषधी वनस्पतीच्या मुळांचा. छिंगपिंगच्या औषधी बाजारातून मीच ती मुळं आणली होती. आधी थंडी, मग ताप, पुन्हा थंडी अशा आलटून पालटून येणाऱ्या तापावर झांग झोंगजिंग यांनी इ. स. 200च्या सुमारास एक काढा सांगितला, त्यातलं हे मुख्य औषध. त्यामुळे लॅबभर एकच कुजबुज सुरू झाली: नवं छिंगहाओ सापडलं की काय?

हे वेड इथे सगळ्यांनाच आहे आणि त्याला कारणही तसंच आहे. व्हिएतनाम युद्धात मलेरियाने सैनिक जेरीस आले, म्हणून 23 मे 1967 रोजी चीनमध्ये मलेरियावर औषध शोधायचा ‘प्रकल्प 523’ सुरू झाला. त्यातल्या संशोधक तू यूयू यांच्या गटाने दोन हजारांवर जुनी औषधं धुंडाळली. त्यांतल्या छिंगहाओ या वनस्पतीचा अर्क कधी लागू पडे, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग यांनी मात्र मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं होतं, उकळायला नव्हे. त्यावरून तू यांनी 35 अंशांना उकळणारा इथर वापरला आणि ऑक्टोबर 1971मध्ये 191 क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधले सगळे परजीवी मारले. पुढे त्यातून आर्टेमिसिनिन हे मलेरियाचं औषध हाती आलं, 2015चं नोबेलही. इथल्या प्रत्येक नवख्याला ही गोष्ट तोंडपाठ असते. मला विचाराल तर जरा जास्तच. जो तो आपापल्या 191ची वाट बघत बसतो.

आमच्या लाओशी, म्हणजे बाई, आल्या आणि त्यांनी आकड्यांकडे बघितलंही नाही.

“फ्रॅक्शन कुठलं?”

“ब्युटॅनॉलचं.”

फ्रॅक्शन म्हणजे अर्काचा एखाद्या द्रावकात उतरलेला भाग; हा ब्युटॅनॉलमध्ये उतरलेला. बाईंनी तोंड वाकडं केलं. “जोडीची प्लेट शाबूत आहे ना?”

रीडिंग घेण्याआधी आम्ही बफर घालून सगळ्याच पेशी फोडतो. मग सगळे वेल सारखेच दिसतात. म्हणून जोडीची एक प्लेट स्लाइडसाठी तशीच ठेवतो. बाईंनी ती न हलवता ट्यूबलाइटसमोर धरली. बाकीच्या वेलमध्ये तांबड्या पेशी तळाशी बसल्या होत्या आणि वर स्वच्छ माध्यम. छायहूच्या ओळीत तळाला काहीच नाही, सगळा वेल नितळ लाल. स्लाइडवर गिम्साचा रंग चढवला, तर भिंगाखाली पेशींच्या फिकट टरफलांखेरीज काही दिसेना.

मग त्यांनी सुकवलेलं चिमूटभर फ्रॅक्शन परीक्षानळीत पाण्यात टाकून हलवलं. रिठ्याच्या पाण्याला येतो तसा दाट फेस आला, बसायचं नाव घेईना. सॅपोनिन! छायहूच्या मुळात ती भरपूर असतात, ब्युटॅनॉलमध्ये छान उतरतात आणि पेशीच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलला चिकटून त्याला भोकं पाडतात. परजीवी राहतो तांबड्या पेशीत. घरच कोसळल्यावर तो कसला वाढतो! गंमत म्हणजे परजीवीला पेशीबाहेर काढायचं असलं की आम्ही स्वतःच बाटलीतलं सॅपोनिन वापरतो.

पोरगी हिरमुसली, पण प्रश्न तिने नेमका विचारला. “काढा तर लोक पितात. त्यांचं रक्त कुठे फुटतं?”

“आतड्यातून सॅपोनिन रक्तात फारशी जातच नाहीत,” बाई म्हणाल्या. “तिथले जिवाणू त्यांची मोडतोडही करतात. काढ्याने ताप उतरतही असेल. या प्लेटला ते कळणार नाही.”

छांगशान या मलेरियावरच्या दुसऱ्या चिनी वनस्पतीचं दुखणं अगदी उलटं. त्यातलं फेब्रिफ्युजिन परजीवीला खरोखर मारतं, पण रोग्याला ओकून ओकून हैराण करतं. चाळणीतून पार होणं आणि औषध ठरणं यांत किती अंतर असतं, ते त्याच्याकडे बघून कळतं.

तेव्हापासून प्रत्येक प्लेटमध्ये परजीवी नसलेल्या निरोगी तांबड्या पेशींची एक ओळ असते, तिलाही तोच अर्क. ती फुटली की पुढचा आकडा बघायचाच नाही. छायहूचं हेक्झेनचं फ्रॅक्शन अजून तपासायचं होतं. त्यात सॅपोनिन उतरत नाहीत. शुक्रवारच्या प्लेटवर पोरीने ते आपणहून लावलं.