छत्तीस अंशांचा तारा

जुबिली स्मरणिकेसाठी लिहा, असं निमंत्रण आलं आणि पहिली आठवण झाली ती सरांची. शाळेबद्दल लिहिणारे पुष्कळ असतील. मैदान, सायकल शेड, कॅन्टीनचा वडा, घंटा देणारे मामा या सगळ्यांना कुणी ना कुणी न्याय देईलच. मी लिहिणार ते भूमितीच्या सरांबद्दल. त्यांचं नाव इथे घालत नाही, कारण फळ्यावर कुणी श्रेय म्हणून त्यांचं नाव लिहिलं की ते आधी डस्टर उचलायचे. आपल्या शाळेत 'सर' एवढंच म्हटलं तरी माणूस ओळखू येतो.

आम्ही कॅथलिक मुलं वर्गात मोजकीच. रविवारची मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, नंतर धर्मशिक्षणाचा तास, ऑक्टोबरात घरोघरची रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेत स्वयंसेवक म्हणून उभं राहणं, असं आमचं वर्ष ठरलेलं. श्रद्धेवर सरांनी कधी भाषण दिलं नाही. दुपारी बाराला चर्चची घंटा ऐकू आली की प्रमेय अर्ध्यावर थांबायचं, खडू फळ्याच्या कडेला ठेवला जायचा आणि सर खिडकीकडे तोंड करून अँजेलस ही मरियेची प्रार्थना म्हणायचे. त्यात 'नमो मरिये' तीनदा येते, मिनिटभरात प्रार्थना संपते. आमचेही ओठ हलायचे. बाकीचा वर्ग त्या मिनिटात चिडीचूप असायचा, आणि तसं बसायला त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढे पुढे तर सर गणितात रमले आणि घंटा त्यांच्या कानावर गेली नाही, तर मागच्या बाकावरून एखादा गणेशभक्तच हळूच म्हणायचा, "सर, बारा वाजले."

पण सर खरे कळायचे ते डिसेंबरात. नाताळचा तारा त्यांनी कधी विकत आणू दिला नाही. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्याच्या आदल्या शनिवारी शाळेत बांबूच्या कामट्या यायच्या आणि नववीचा भूमितीचा तास व्हरांड्यात भरायचा.

पाच टोकांचा तारा पाच सारख्या कामट्यांचा होतो. आमच्या ताऱ्याची कामटी १२० सेंटिमीटरची. दोन्ही टोकांपासून ४६ सेंटिमीटरवर खूण करायची, म्हणजे मध्ये २८ उरतात. कामट्या एकमेकींना याच खुणांवर ओलांडल्या पाहिजेत. तसं झालं की प्रत्येक टोकाचा कोन ३६ अंश येतो आणि पाचही टोकांची बेरीज १८०. एखाद्याने ४६ ला २८ ने भागून १.६४ काढलं की सर खूश व्हायचे. खरं गुणोत्तर १.६१८ आहे, उरलेला फरक आपण सेंटिमीटर पूर्णांकात धरल्याचा, हे ते तिथेच फरशीवर सोडवून दाखवायचे. कामट्या नुसत्या एकावर एक ठेवायच्या नाहीत. प्रत्येक कामटी एकीच्या वरून आणि दुसरीच्या खालून न्यायची. असं विणलं की दोरा सैल झाला तरी सांगाडा पसरत नाही.

असे दोन तारे करायचे. दोघांची टोकं टोकांना बांधायची आणि मधल्या पाच छेदांवर २० सेंटिमीटरच्या आडव्या काड्या घालून दोन्ही तारे एकमेकांपासून फाकवायचे. इथे बांबूची परीक्षा होते. ओला बांबू छान वाकतो, पण वाळताना आकसतो आणि आठवड्याने सगळ्या गाठी ढिल्या पडतात. वाळलेला बांबू फाकवताना तडकतो. म्हणून सर कामट्या आधी उन्हात वाळवून घ्यायचे आणि आडव्या काड्या बसवण्यापूर्वी फक्त छेदाजवळचा भाग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला सांगायचे.

कागदाचे तुकडे बावीस लागतात. पुढची पाच टोकं आणि मधला पंचकोन मिळून सहा, मागचे तसेच सहा, आणि टोकांच्या बाजूंना दहा निमुळते त्रिकोण. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर विषारी मोरचूद, नाहीतर झुरळं कडा खातात. ही खळ कालवणाऱ्याला साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायला बंदी होती. पतंगाचा कागद स्वस्त आणि रंगाला सुंदर. संक्रांत जवळ आल्यामुळे येवल्याचा मालही बाजारात दिसायला लागलेला असायचा. पण नाशिकच्या डिसेंबरात पहाटे दव पडतं आणि पतंगाचा कागद त्यात लोळागोळा होतो. जिलेटिन पेपर दवाला टिकतो, मात्र तोही रात्री ओल धरून सैल पडतो आणि दुपारी उन्हाने ताणला जातो. ताणून चिकटवला असेल तर दुसऱ्या दुपारी कडेला फाटलाच. म्हणून तो किंचित सैल लावायचा. मागचा पंचकोन एका बाजूने मोकळा ठेवायचा, बल्ब बदलता यावा आणि उष्णता निघून जावी म्हणून. बल्ब १५ वॉटचा. 'उजेड पडू दे चांगला' म्हणून कुणी ६० वॉटचा आणला तर सर तो स्टाफरूमच्या टेबललॅम्पला बक्षीस द्यायचे.

एका वर्षीचा तारा मात्र कुणी विसरणार नाही. गेटवर चढवला, दिवा लागला, टाळ्या झाल्या आणि सर मान वाकडी करून बघत राहिले. डावं टोक खाली कललं होतं. सगळे दमलेले, थंडी वाजत होती, घरून हाका यायची वेळ झालेली. कुणीतरी धीर करून म्हणालं, "सर, खालून कुणाला कळतंय?" बाळ येशूच्या दर्शनाला ताऱ्याच्या मागोमाग आलेल्या ज्ञानी लोकांची गोष्ट धरून सर गंभीरपणे म्हणाले, "पूर्वेकडून ज्ञानी लोक निघालेत. कोनमापक घेऊनच निघाले असणार." पोरं इतकी हसली की तारा खाली काढायला कुणी कुरकुरलं नाही. कारण सापडलं ते साधंच होतं. टोकाला खाच न पाडता नुसता दोरा गुंडाळला होता आणि बांबूच्या गुळगुळीत पाठीवर गाठ बोटभर घसरली होती. सरांनी कंदिलाच्या उजेडात दहाही कामट्यांच्या टोकांना चाकूने खाचा पाडल्या, दोऱ्याला मेणबत्ती घासली आणि प्रत्येक गाठ दुसऱ्या मुलाकडून ओढून तपासली. 'कोनमापक आणलंय का?' हे वाक्य तिथून पुढे आमच्या बॅचचं झालं. कुणाचं लग्न ठरो, कुणी घर बांधायला काढो, हा प्रश्न आजही विचारला जातो.

गोठ्याचं, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्याचं, काम याला समांतर चालायचं. नाताळचा गोठा मांडायची पद्धत असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात सुरू केली, तीही जिवंत बैल आणि गाढव उभं करून. आमच्याकडे बैल प्लॅस्टरचा होता आणि त्याचं एक शिंग डिंकाने चिकटवलेलं. डोंगर गोणपाटाचे. गोणपाट पातळ चिखलात बुडवून विटांवर टाकायचं आणि वाळलं की आकार धरतं. सर डोंगरांचे माथे सपाट करायचे, अंजनेरी आणि ब्रह्मगिरी रोज दिसणाऱ्या पोरांना तेच डोंगर खरे वाटतात म्हणून. मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडीचे तुकडे असायचे. बेथलेहेम यहुदियातलं, हे सर नकाशावर दाखवायचे, आणि मग म्हणायचे, थंडीत मेंढरं राखणारा माणूस इथला असो की तिथला, पांघरायला त्याला घोंगडीच लागणार.

गोठ्यासमोरचं हिरवं शेत हा पंचवटीतल्या मित्राचा प्रांत. आम्ही गहू पेरायचो आणि ते कुजायचे. त्याच्या घरी नवरात्रात घट बसायचा, त्यामुळे दाणे रुजवण्याचं सगळं शास्त्र त्याला पाठ. गहू रात्रभर भिजवायचे, पाणी काढून दुसऱ्या रात्री ओल्या कापडात बांधून ठेवायचे, मोड दिसले की परातीतल्या चाळलेल्या मातीवर दाण्याला दाणा लागेल इतके दाट पसरायचे आणि वर अगदी पातळ माती. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. साचलं की बुरशी धरते आणि आंबूस वास सुटतो. घटाचे कोंब अंधारात पिवळे राहतात. आपल्याला हिरवे हवेत, म्हणून तीन दिवसांनी परात उजेडात आणायची. थंडीत वाढ मंद असते, तेव्हा १२ डिसेंबरला पेरलं तर नाताळपर्यंत चार बोटं शेत होतं. हे सगळं एका हिंदू घरातल्या आजींकडून आमच्या गोठ्यापर्यंत आलं आणि सरांनी ते आपल्या वहीत तारखेसकट उतरवून ठेवलं. सोमवारी वर्गात म्हणाले, "या वर्षीचं शेत आजींच्या कृपेने." आजींना गोठा दाखवायला त्यांनी रिक्षा पाठवली होती.

बाळाची मूर्ती नाताळच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नाही, हा नियम. तिघे ज्ञानी तर नाताळनंतरच्या प्रकटीकरणाच्या, म्हणजे त्यांच्याच भेटीच्या, सणापर्यंत गोठ्यात येत नाहीत. सर त्यांना व्हरांड्याच्या शेवटच्या खिडकीत उभे करायचे आणि रोज एका मुलाने त्यांना वीतभर पुढे न्यायचं. या प्रवासात पोरांनी काय काय केलं! एकदा उंट कॅन्टीनच्या काउंटरवर चहाच्या पेल्याशेजारी सापडला. एकदा तिघेही मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर ओळीने उभे, उंटाच्या गळ्यात उशिरा आल्याची चिठ्ठी. सरांनी ती चिठ्ठी वाचली, त्यातलं शुद्धलेखन सुधारलं आणि परत गळ्यात अडकवली. नाताळच्या सुट्टीत तिघांचा मुक्काम ग्रंथालयात, भूगोलाच्या कपाटावर.

फेब्रुवारी-मार्चमध्ये इस्टरपूर्वीचा उपवासकाळ लागायचा आणि डब्यांचं राजकारण सुरू व्हायचं. आमच्या नियमात त्या काळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून. पोळी-भाजी, अंडं, मासे सगळं चालतं. खरा उपास राखेच्या बुधवारी, म्हणजे कपाळाला राख लावून उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, आणि गुड फ्रायडेला, एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं, आणि तोही अठरा पूर्ण झालेल्यांना. मित्रांना हे पटायचंच नाही. पोळी खाऊन उपास? आम्हाला त्यांचं पटायचं नाही. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, बटाट्याचा कीस खाऊन उपास? एकादशी आणि शुक्रवार एका दिवशी आले की दोन्ही पक्ष एकमेकांच्या उपासाची तक्रार घेऊन सरांकडे जायचे. सर दोन्ही डब्यांतला एकेक घास घेऊन निकाल राखून ठेवायचे. मग त्याच शुक्रवारी शांतपणे विचारायचे, की वाचलेल्या वडापावच्या पैशांचं काय केलं. त्यासाठी कपाटात एक डबा होता. इस्टरच्या आधी तो उघडला जायचा आणि त्यातून कुणाची फी भरली जायची, कुणाची ते आजतागायत आम्हाला माहीत नाही.

राखेच्या बुधवारची राख म्हणजे आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे इस्टरच्या आदल्या रविवारच्या, झावळ्यांची. घराघरांतल्या क्रुसामागे खोचलेल्या, वाळून कडक झालेल्या झावळ्या गोळा करायच्या, लोखंडी घमेल्यात जाळायच्या, खलायच्या आणि पातळ कापडातून गाळायच्या. इथे सरांचं एक सांगणं फार मोलाचं होतं. राख पाण्यात कालवून ठेवायची नाही. लाकडा-पानांच्या राखेत क्षार असतात, पाण्यात ते उतरतात आणि तो लगदा कपाळाची कातडी भाजू शकतो. प्रयोगशाळेत त्यांनी तांबड्या लिटमसची पट्टी त्या पाण्यात बुडवून निळी झालेली दाखवली. राख कोरडीच वापरावी किंवा खोबरेल तेलाचे दोन थेंब घालावेत. महाशिवरात्र बहुधा आसपासच असते. त्या दिवसांत भस्म लावलेली दोन तऱ्हेची कपाळं एका बाकावर बसलेली असायची आणि हजेरी घेताना सर दोघांकडे बघून प्रसन्न हसायचे.

बाळ येशूच्या यात्रेतली मेणबत्त्यांची सेवाही त्यांच्याच तालमीतली. मेणबत्ती चार बोटांच्या अंतराने लावायची, नाहीतर शेजारच्या ज्योतीने मऊ होऊन ती वाकते आणि सगळा ताटवा एकदम पेट घेतो. ट्रेमध्ये बोटभर पाणी असलं की गळलेलं मेण वरच थिजतं आणि पापुद्र्यासारखं उचलता येतं. भाविकाच्या समोर त्याची मेणबत्ती विझवायची नाही, तो वळून चार पावलं गेल्यावर हात लावायचा. हे शेवटचं कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

आमच्यातला एक आज पिंपळगावला द्राक्षांचं पॅकहाऊस चालवतो, एक दुबईत नर्स आहे, एक फादर झाला, आणि पंचवटीचा मित्र कृषी विद्यापीठात बियाण्यांवर काम करतो. कौतुक सगळ्यांचंच आहे. पण गेटवर आता प्लॅस्टिकचा एलईडी तारा लटकतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो भिजत नाही, फाटत नाही, कलत नाही, म्हणून त्याच्याखाली कुणी जमतही नाही. नववीच्या मुलांना शनिवारी क्लास असतो, हे मला कळतं. तरी कामट्या, दोरा, जिलेटिन आणि खळ यांना येऊन जाऊन दोन दुपारी लागतात, आणि समरूप त्रिकोण त्या दोन दुपारी जसे समजतात तसे क्लासमध्ये समजत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

सरांची वही त्यांच्या घरच्यांनी जपून ठेवली आहे आणि शाळेला द्यायची त्यांची तयारी आहे. त्यात मापं आहेत, गव्हाच्या पेरणीच्या तारखा आहेत, आजींची कृती आहे. जुबिलीच्या वर्षी गेटवर कामट्यांचा तारा लागावा, अशी आमच्या बॅचची शाळेला विनंती आहे. बांबू आम्ही आणू. तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोडून वाळायला टाकावा लागेल, तेव्हा ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत कळवावं.