बातम्या ऐकू येतात, मॅच मात्र मुकी

नाशिकरोडच्या एका घरातून सूनबाईंचा फोन आला. "मॅडम, बाबांना कानाच्या मशीनमधून टीव्हीच्या बातम्या छान ऐकू येतात, पण मॅच लावली की आवाज गायब!" सेल बदलून झाले होते, जोडणीही पुन्हा करून झाली होती.

मशीन बिघडलं असतं तर बातम्याही आल्या नसत्या. म्हणून घरी पोहोचल्यावर काकांचे कान सोडून मी आधी टीव्हीच्या मागे गेले. कानाच्या मशीनच्याच कंपनीचा टीव्ही अ‍ॅडाप्टर, म्हणजे टीव्हीचा आवाज बिनतारी मशीनपर्यंत पोहोचवणारा डबा, ऑप्टिकल केबलने (ही आवाज प्रकाशाच्या रूपात नेते) नीट जोडलेला होता. मॅच चालू ठेवून केबल उपसली आणि टोक तळहातासमोर धरलं. लाल ठिपका उमटला. म्हणजे टीव्हीतून सिग्नल येत होता, पण अ‍ॅडाप्टरला तो कळत नव्हता.

बऱ्याच एचडी वाहिन्यांचा आवाज डॉल्बी डिजिटल या खास सांकेतिक स्वरूपात येतो. या अ‍ॅडाप्टरला कळतो फक्त पीसीएम, म्हणजे साधा स्टिरिओ; म्हणून बातम्या आल्या, मॅच नाही. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'ऑटो'वर होतं, ते 'पीसीएम' केलं आणि काकांनी लगेच मान डोलावली. काही टीव्हींत हा पर्याय नसतो. तिथे सेट-टॉप बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'स्टिरिओ' निवडायचं.

"टीव्हीत ब्लूटूथ आहे, मग हा डबा कशाला?" नातवाने विचारलं. प्रश्न रास्त होता. साध्या ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही उशिरा पोहोचू शकतो. कमी ऐकू येणारा माणूस ओठांवरून शब्द पकडतो, त्यामुळे हा उशीर त्याला फार छळतो. शिवाय मशीनचं कानातलं रबर उघड्या प्रकारचं, म्हणजे बाहेरचा आवाजही आत येऊ देणारं असेल तर स्पीकरचा आवाज आधी आणि मशीनचा मागून, असं घुमतं. ब्लूटूथ एलई ऑडिओ या नव्या प्रकारात हा उशीर बराच कमी आहे, पण ते टीव्ही आणि मशीन दोन्हींत असावं लागतं.

हेडफोनच्या जागी केबल लावायची सूचनाही घरात झाली होती. ती मी मोडून काढली, कारण तसं केलं की बहुतेक टीव्हींचे स्पीकर बंद होतात आणि बाकीच्यांना काहीच ऐकू येत नाही. ऑप्टिकलमुळे स्पीकर काकूंच्या सोयीने ठेवता येतो, काका आपला आवाज मशीनच्या बटणाने वाढवतात.

एवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंनी हाक मारली. काकांपर्यंत ती पोहोचलीच नाही! टीव्हीचा आवाज कानात चालू असताना मशीनचे माइक अगदीच बारीक झाले होते. अ‍ॅपमध्ये जाऊन ते दोन पायऱ्या वर घेतले आणि काकूंना पुन्हा हाक मारायला सांगितली.