तुम्ही विचारलंत म्हणून: खोकताना आवाज येतो, मग बोलताना का नाही?

मी स्पीच थेरपिस्ट. हा प्रश्न आईवडील मला बहुधा आवाज गेलेल्या मुलीला बाहेर बसवून विचारतात. पाठोपाठ मनातलं येतं : "नाटक तर करत नाहीये ना?"

नाही हो. गोष्ट साधारण अशी असते. दहावी-बारावीचं वर्ष, सर्दी, घसादुखी. घसा बरा होतो, पण आवाज परतत नाही. नुसती कुजबुज उरते. कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बिणीतून बघतात, तर स्वरतंतू पांढरेस्वच्छ. सूज नाही, गाठ नाही. "ई म्हण" म्हटलं की ते जवळच येत नाहीत, हवा तशीच निसटते. खोकायला सांगितलं की झटकन मिटतात. म्हणजे घसा शाबूत आहे, बोलतानाचा ताबा सुटलाय, आणि ती तो मुद्दाम सोडत नाहीये. कधी यामागे परीक्षेचा किंवा घरातला ताण सापडतो, कधी काहीच सापडत नाही. गरज वाटली तर मी समुपदेशकाकडेही पाठवते.

मी खोकल्यापासूनच सुरू करते. खोकल्याच्या शेपटाला जो 'हं' उमटतो, तो लांबवायचा. मग ओठ मिटून 'म्ऽऽऽ'. पाण्याच्या आवाज काढत गुळण्या. त्यातून 'मा', 'मी', मग वारांची नावं. अनेकींचा आवाज पहिल्या एक-दोन बैठकांतच येतो.

आणि नेमका तेव्हाच घात होतो. कोणीतरी म्हणतं, "बघ, येत होता की!" या वाक्याने ती खोटारडी ठरते; मग कुजबुजतच राहणं तिला सोपं वाटतं. त्यापेक्षा जेवायला काय करू, एवढंच विचारा. फोन लावून आजीला, मावशीला ऐकवायची घाई नको. पाटीवर लिहून बोलणं, सक्तीचं मौनही नको. इथे त्याने काही साधत नाही. ज्येष्ठमध खुशाल द्या, घशाला बरं वाटेल, आवाज त्याने येणार नाही.

(मुलग्यांत वेगळाच प्रकार दिसतो : मिसरूड फुटतं, आवाज फुटत नाही, लहानपणीसारखा बारीकच राहतो. त्यावरही व्यायाम आहेत. ते पुन्हा कधीतरी.)

मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचा-उपचार मिळतात. मात्र दुर्बिणीची तपासणी आधी, थेरपी नंतर. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर ही तपासणी टाळून थेट माझ्याकडे येऊ नका.