अंजनेरीचा जळका उतार

नाशिकहून त्र्यंबक रस्त्याला लागलं आणि महिरावणी, खंबाळे मागे पडलं की डाव्या हाताला अंजनेरीचा कातळ दिसायला लागतो. पावसाळ्यात इथं गाडी लावायला जागा मिळत नाही. मी मुद्दाम एप्रिलमध्ये गेले. गवत वाळलेलं, पानं झडलेली; डोंगराचा सांगाडा तेव्हाच दिसतो. हा डोंगर पावसानं घडवला हे सगळेच सांगतात. वणव्यानंही तो घडवलाय, आणि मला तेच बघायचं होतं.

गावातली यादवकालीन पडकी देवळं ओलांडून वनखात्याच्या चौकीकडे चढताना एका वळणावर वाटेच्या एका अंगाला काळा उतार होता, दुसऱ्या अंगाला पिवळं गवत. रुंद पायवाटेनंच आग अडवली होती. शेरडं घेऊन निघालेले एक बाबा भेटले. विचारलं, "बाबा, कधी लागला?"

"शिमग्यानंतर. खालून पेटला, वारा लागला आन् वर पळाला. आमी झोडपला डहाळ्यांनी, पण दुपारच्या वाऱ्यापुढं काय चालतंय, ताई."

आपल्याकडचे वणवे जवळजवळ सगळे माणसाच्या हातून लागतात. नवं गवत चांगलं फुटावं म्हणून कुणी काडी लावतं, कुठं मोहाखालचा पाचोळा जाळताना आग सुटते, कुठं विडीचं थोटूक. ही आग शेंड्याशेंड्यानं धावत नाही. जमिनीलगत गवत-पाचोळा खात सरकते, आणि कोण जगणार हे बहुतेक कमरेच्या उंचीखालीच ठरतं.

जळक्या बाजूला एका पळसाशी मी गुडघे टेकून बसले. रोप जेमतेम गुडघ्याएवढं, नवी पानं तांबूस, हाताला मऊ लागणारी. बुंध्याजवळची राख आणि माती बोटांनी बाजूला केली तर खाली मांडीएवढी जाड, गाठाळ मुळी. तिच्यावर जुन्या फुटव्यांचे कोळसा झालेले खुंट, एकाशेजारी एक. फुटवा येतो, जळतो, मुळी पुन्हा फुटवा काढते. ते 'रोप' वयानं माझ्याहून मोठं असणं सहज शक्य आहे, आणि अजून माझ्या कमरेला लागलेलं नाही.

मग उभं राहून सगळा उतार नीट पाहिला. जुनी मोठी झाडं होती, गुडघ्याएवढे फुटवे होते. मधलं काहीच नव्हतं. घरात आजी-आजोबा आहेत, रांगती बाळं आहेत आणि तरणं माणूस एकही नाही, असं ते जंगल. आग दरवर्षी आली तर कोवळ्या झाडाला ज्वाळेच्या वर डोकं काढायला आणि साल जाड करायला उसंतच मिळत नाही. मधे चार-सहा वर्षं आग चुकली तरच एखादं सुटतं. आजची म्हातारी झाडं पडतील तेव्हा त्यांच्या जागी उभं राहायला कोण आहे, या विचारानं मला खरंच भीती वाटली. जुलैत हाच उतार हिरवागार दिसतो आणि ही उणीव झाकली जाते.

जी मोठी झाडं टिकली ती सालीच्या जोरावर. ऐनाची भेगाळ साल, कुंभ्याची जाड साल हात लावून पाहा. साल दुप्पट जाड झाली की आतल्या जिवंत थराला आच पोचायला साधारण चौपट वेळ लागतो, आणि गवताची आग तेवढा वेळ थांबत नाही. पातळ सालीची सदाहरित झाडं मात्र ओलसर घळीत अंग चोरून उभी होती. घळ कुठं संपते ते लांबूनही कळत होतं.

पिवळ्या बाजूचं गवत बहुतेक कुसळी. सॉक्समधून उपटून एक कुसळ तळहातावर घेतलं आणि थेंबभर पाणी टाकलं. ते स्वतःभोवती वळायला लागलं. अशाच वळण्यातून कुसळी आपलं बी जमिनीत रोवते. माती उष्णता फार सावकाश वाहून नेते. वरून ज्वाळा गेली तरी थोडं खाली रुतलेलं बी वाचतं. म्हणून वरचेवर जळणाऱ्या माळावर कुसळीचं फावतं.

कंदवाल्यांचंही तेच. पठारावरच्या आमऱ्या (जमिनीवरची ऑर्किडं), कळलावी, कंदीलफुलं मार्चमध्ये जमिनीखाली निजलेली असतात. सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलफुलाची जात याच डोंगराचं नाव घेऊन २००६ मध्ये जगासमोर आली. वळवाच्या सरींनी कोंब वर आले आणि मग आग आली, तर मात्र कंदाचा साठा वाया जातो. त्यामुळं वणवा कधी लागला हेही महत्त्वाचं.

तिथून हरसूलकडे गेले. शेतात राब भाजणं चाललं होतं: ऐनाच्या डहाळ्या, पाचोळा, शेण, वर मातीचा पातळ थर. तणाचं बी जळतं, राख मिळते, पावसाळ्यात त्याच जागी नागलीचं रोप करतात. राब पेटवणाऱ्या मावशींनी कडेचं गवत आधीच कापून घेतलं होतं, हंडा भरून जवळ ठेवला होता. म्हणाल्या, "वारा पडल्याबिगर काडी नाय लावायची." डोंगर जळाला की सगळा दोष राबावर टाकणाऱ्यांनी एकदा या मावशींशेजारी उभं राहावं. इतकी राखलेली आग मी दुसरीकडे पाहिली नाही. खरी काळजी आहे ती पेटवून पाठ फिरवणाऱ्यांची.

जाणार असाल तर एप्रिलमध्ये पहाटे चढा; नऊनंतर कातळ तापतो. पठारावर चूल, शेगडी, विडीकाडी काही नको. सप्टेंबरमध्ये परत जा, पण पायवाट सोडू नका, कंदीलफुलाचं रोप गवतात ओळखू येत नाही. आणि १५ फेब्रुवारी ते १५ जूनच्या आगीच्या हंगामात कुठल्याही डोंगरावर धूर दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा. डोंगराचं नाव, जवळचं गाव आणि वारा कुठल्या दिशेचा आहे, एवढं सांगा.