इंटरव्ह्यूची उत्तरं ओपीडीतच सापडतात

आपल्याकडं बीडीएसला जाताना कुणी विचारतच नाही की बाई तुला दातांचाच डॉक्टर का व्हायचंय. नीटचा स्कोअर, कॅप राउंड, प्रेफरन्स फॉर्म, कॉलेज लागलं की बॅग भरायची. मग चार वर्षं, वर्षभराची इंटर्नशिप, त्यानंतर अमेरिकेत जायचं तर आयएनबीडीई ही तिकडची डेंटल बोर्डाची परीक्षा, इंग्लिशची टोफेल, कॅपिड या अर्जांच्या पोर्टलवरनं तिथल्या कॉलेजांना अर्ज, एवढं सगळं करून इंटरव्ह्यूचा मेल येतो आणि तिथं हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'व्हाय डेंटिस्ट्री'.

आपल्यातल्या बऱ्याच जणांचं खरं उत्तर 'एमबीबीएस थोडक्यात हुकलं' असं असतं. माझंही तेच. परवा एक ज्युनियर म्हणाली, "ताई, हे असं खरं खरं सांगायचं?" मी म्हटलं सांग की, पण तिथंच थांबू नकोस, या फील्डमध्ये आलीस कशी ते एका वाक्यात सांग आणि टिकलीस का ते नीट सांग.

टेलिग्रामवर फिरणारी पाठ केलेली उत्तरं मला म्हणूनच अजिबात आवडत नाहीत. अहो आपण कोल्हापुरात राजारामपुरीत नाहीतर गावाकडच्या कॅम्पमध्ये जे बघतो ते त्या पीडीएफमध्ये कुठनं येणार? तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री लावणाऱ्या मावशी, "मिश्रीबिगर पोटच साफ हुईत न्हाई बघ" म्हणणाऱ्या. मावा खाऊन तोंडात दोन बोटंसुद्धा जात नाहीत अशी विशीतली पोरं, सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंड आतनं कडक होत जाणारा आजार झालेली, आणि तो पुढं कॅन्सरकडं जाऊ शकतो हे त्यांना कुणी नीट बसून सांगितलेलंच नसतं. मी या कामात टिकले ती या लोकांमुळं.

एथिक्सच्या प्रश्नाचंही तसंच. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या कोडमध्ये ५ तत्त्वं आहेत, पेशंटचा निर्णयाचा हक्क, इजा न करणं, भलं करणं, न्याय आणि खरेपणा. नुसती घोकली तर इंटरव्ह्यूत ती घोकल्यासारखीच ऐकू येतात. मी सांगणार आहे ती केस एका शेतकरी बाईंची. खालची डावी पहिली दाढ, रूट कॅनलनं सहज वाचली असती, पण त्या म्हणाल्या, "काढूनच टाक की गं बाई, भांगलणीचं दिवस हाईत, चार खेपा कोण घालणार." मी एक्सरे दाखवला, खर्च सांगितला, दाढ काढली की शेजारचे दात कलतात, वरची दाढ खाली उतरते हेही सांगितलं, घरी विचारून या म्हटलं. तरी त्यांनी काढायचीच ठरवली आणि मी काढली. मनाला लागलं, पण निर्णय त्यांचा होता आणि सगळं समजून घेतलेला होता, आणि ते लागलेलं लपवायचं नाही असं मी ठरवलंय.

फक्त केस सांगताना पेशंटचं नाव, गाव, ओळख पटेल असं काहीच बोलायचं नाही, तिकडं पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा १९९६ चा हिपा कायदा आहे आणि तसंही ते बरोबर नाही. दातांना द्यायचे नंबरही तिकडं वेगळे, ते बघा, आपली ३६ नंबरची दाढ तिथं १९ होते, ४६ म्हणजे ३०. बेंच टेस्ट, म्हणजे हाताच्या कामाची परीक्षा असेल तर टायपोडॉंटवर, म्हणजे नकली दातांच्या मॉडेलवर, क्राउन प्रेप (कॅपसाठी दात घासणं) आणि क्लास टू (दाढेच्या बाजूची कॅव्हिटी) रोज करत राहायचं, नाहीतर हात दोन आठवड्यांत जड होतो. बोलायची प्रॅक्टिस मी रंकाळ्यावर चालताना मोबाईलवर रेकॉर्ड करून करते, कारण मनातल्या मनात सगळ्यांचंच इंग्लिश छान असतं.

झूमवर असेल तर वेळ नीट तपासा. बोस्टनचे सकाळचे ११ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागं गेली की साडेनऊ. लाइट जाणारच असं धरून इन्व्हर्टर आणि हॉटस्पॉट तयार ठेवा.

शेवटी ते विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का. तिथं 'नो, थँक यू' म्हणू नका. मी विचारणार आहे की तुमच्या क्लिनिकला येणारे पेशंट कोण असतात आणि चार खेपा ज्यांना परवडत नाहीत त्यांच्यासाठी तुम्ही काय करता. मला ते खरंच जाणून घ्यायचंय.