‘म्हणजे तुम्ही प्लेटो मुळातून वाचता?’

मी ग्रीक शिकले म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांनी विचारला, तेव्हा तोंडात जिलबी होती, म्हणून नुसती मान हलवून सुटले. तुम्हीही विचारलंत, म्हणून आता खरं सांगते.

नाही वाचत. मला येते ती आजची, अथेन्सच्या भाजीबाजारात चालते ती ग्रीक. प्लेटोची ॲटिक, म्हणजे प्राचीन अथेन्सची बोली, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली. होमरची तिच्याहून जुनी, आणि ती कुठल्या एका गावची बोलीही नव्हे. कवींनी घडवलेली सरमिसळ. त्याच्याही मागे राजवाड्यांतल्या कोठारांचे हिशेब मातीच्या पाट्यांवर ज्या भाषेत लिहिले, तीही ग्रीकच, हे १९५२ साली मायकल व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने उलगडलं. अलेक्झांडरनंतर दूरवर पसरली ती कोइनी, म्हणजे सर्वांची सामायिक. बायबलचा नवा करार तिच्यातला. आजच्या ग्रीकवर मार्कचं शुभवर्तमान बरंचसं उमगतं, प्लेटोत ओळीओळीला ठेच लागते आणि होमरपुढे हात टेकावे लागतात.

गंमत अशी की जुनी भाषा गेलेलीही नाही. पाणी मागायचं तर ‘नेरो’ म्हणायचं. प्राचीन शब्द ‘हिदोर’. पण ‘ताजं पाणी’ म्हणता म्हणता नुसतं ‘ताजं’ उरलं, त्याचं हे नेरो. नळ दुरुस्त करणारा मात्र अजून ‘इद्राव्लिकोस’, म्हणजे हिदोरवालाच. आपण नाही का, पितो पाणी आणि फुटते ती जलवाहिनी! पावाचंही तसंच. खायचा ‘प्सोमी’, पण बेकरीच्या पाटीवर प्राचीन ‘आर्तोस’ ठाण मांडून बसलेला. ‘प्सोमी’ मुळात नुसता घास होता.

हे वाचायला गोड वाटतं, पण यावरून माणसं मेली आहेत. स्वतंत्र ग्रीसच्या सरकारने बोलीऐवजी ‘कथारेवुसा’ उचलून धरली. नावाचा अर्थच शुद्ध होत जाणारी: परके शब्द वेचून काढलेली, जुन्या प्रत्ययांनी सजवलेली. १९०१ साली अलेक्झांद्रोस पालिस यांनी शुभवर्तमानाचं लोकभाषेत, म्हणजे ‘दिमोतिकी’त केलेलं भाषांतर ‘अक्रोपोलिस’ या वर्तमानपत्रात छापून यायला लागलं आणि अथेन्सचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. नोव्हेंबरमधल्या दंगलीत आठ जण गेले, अथेन्सच्या मुख्य धर्मगुरूंना पायउतार व्हावं लागलं, सरकारही गेलं. येशूला बाजारातली भाषा बोलायला लावली म्हणून! मूळ नवा करारही आपल्या काळच्या साध्या बोलीच्या जवळचाच होता, हे त्या गर्दीत कुणाच्या ध्यानात असेल असं मला वाटत नाही. पुढे लष्करी राजवटीने कथारेवुसा पुन्हा डोक्यावर घेतली, आणि राजवट कोसळल्यावर तिची पतही घसरली. १९७६ मध्ये दिमोतिकी अधिकृत झाली. १९८२ मध्ये अक्षरांवरची तीन आघातचिन्हं आणि ‘ह’ आहे की नाही ते सांगणारी दोन श्वासचिन्हं काढून एकच आघातचिन्ह ठेवलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वही निम्मी स्वच्छ झाली.

नावांचा घोळ वेगळाच. ‘ग्रीक’ हे लॅटिनमार्गे आलेलं नाव, ते स्वतःला ‘एलिनेस’ म्हणवतात. तुर्की अमलात ‘रोमिओस’ म्हणत, रोमच्या साम्राज्याची प्रजा म्हणून. आणि आपण? इओनियाच्या ग्रीकांवरून ‘यवन’. कार्ल्याच्या चैत्यातल्या काही खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत, पण भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, आणि त्यातल्या एकाचं नाव सिंहध्वज.

उच्चाराचं राहिलंच. ग्रीक लोक प्लेटोही आजच्याच उच्चारात वाचतात; जुना ‘ब’ तिथे ‘व’ झालाय, आणि पाच-सहा वेगवेगळे स्वर सगळे ‘ई’. क्रातिनोस या जुन्या नाटककाराने एका मूर्खाला मेंढीसारखं ‘बेऽ बेऽ’ ओरडत जाताना दाखवलंय. आजच्या रीतीने ते अक्षर न अक्षर वाचलं, तर मेंढी म्हणते, ‘वी वी’.