बाकीचे मत देतील का?

फेब्रुवारी २०२० मधला एक शनिवार. आम्ही तिघीजणी कोलंबियात, म्हणजे साऊथ कॅरोलायनाच्या राजधानीत, एका वस्तीत दारोदार फिरत होतो. कुठल्या उमेदवारासाठी नाही, "२९ तारखेला प्रायमरी आहे, नक्की जा" एवढंच सांगायचं होतं. प्रायमरी म्हणजे पक्षाचा प्रेसिडेंटपदाचा उमेदवार ठरवणारं राज्यातलं मतदान. वस्ती जवळजवळ सगळी ब्लॅक. एका घराच्या पोर्चमध्ये एक रिटायर्ड शिक्षिका बसल्या होत्या, पंचाहत्तरीच्या आसपास, मांडीवर विणलेली शाल, आणि मी पाठ केलेलं बोलायला लागले तर त्यांनी हातानेच थांबवलं. "आधी बस, हनी. मी १९६६ पासून मत देतेय, मला आठवण करून द्यायला नको."

१९६६ का, ते मला नंतर घरी येऊन हिशोब केल्यावर कळलं. व्होटिंग राइट्स अ‍ॅक्टवर म्हणजे ब्लॅक लोकांना मत देण्यापासून अडवणं बंद करणाऱ्या कायद्यावर, सही झाली ऑगस्ट १९६५ मध्ये, आणि मतदानाचं वय तेव्हा २१ होतं. म्हणजे कायदा आला, वय झालं, आणि या पहिल्या संधीला मत देऊन आल्या.

मग विषय निघालाच. म्हणाल्या मला कमला हॅरिस आवडायची, पण ती तर डिसेंबरमध्येच बाहेर पडली. तो ब्लॅक सिनेटर कोरी बुकरपण चांगला मुलगा, तोही जानेवारीत गेला. आता बायडेन. बायडेन तेव्हा सुरुवातीच्या दोन राज्यांत, आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते, टीव्हीवर सगळे त्यांना संपलेले समजत होते, म्हणून मी विचारलं, "का मॅम?" तर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "कारण मला गोरे लोक माहितीयेत. आयुष्य त्यांच्यात गेलंय. ते कुणाला मत देतील आणि कुणाला नाही, ते मला कळतं."

पुढच्या दोन आठवड्यांत जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. इथले वजनदार ब्लॅक खासदार जिम क्लायबर्न यांनी २६ तारखेला बायडेनना पाठिंबा दिला, २९ ला बायडेनना इथे जवळपास निम्मी मतं पडली, आणि तिथून सगळी रेसच फिरली. या राज्यात डेमोक्रॅटिक प्रायमरीला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मतदार ब्लॅक असतात. म्हणजे ज्या निवडणुकीत इतके ब्लॅक आणि ब्राऊन उमेदवार उभे होते त्यात ब्लॅक मतदारांनीच एका ७७ वर्षांच्या गोऱ्या माणसाला वाचवलं, आणि ते प्रेमापोटी कमी आणि हिशोब करून जास्त.

तेव्हापासून मला वाटतंय की अमेरिकेत प्रेसिडेंट निवडताना वंश कसा काम करतो हे आपण चुकीच्या जागी शोधतो. आपण शोधतो तो माणूस जो म्हणतो "मी काळ्याला मत देणार नाही." तो आहे, नाही असं नाही, पण उघड म्हणणारे आता फार थोडे उरलेत. गॅलप या सर्वेक्षण संस्थेचे लोक हा प्रश्न कित्येक वर्षांपासून विचारतायत, की तुमच्या पक्षाने लायक ब्लॅक उमेदवार दिला तर मत द्याल का. १९५८ मध्ये हो म्हणणारे होते ३८ टक्के. २०२० मध्ये ९६ टक्के. आता त्या ९६ मधले काही खोटं बोलत असतील हे मी मान्य करते, पण खरी गोम वेगळीच आहे, ती अशी की हे ९६ टक्के लोक दुसऱ्या ९६ टक्क्यांवर विश्वास ठेवत नाहीत. मी देईन हो, पण बाकीचे देतील का? हा प्रश्न मी इथे गेली अठरा वर्षं ऐकतेय, ब्लॅक शेजाऱ्यांकडून, गोऱ्या शेजाऱ्यांकडून, आपल्या देशी लोकांकडूनही.

ही शंका काही हवेतून आलेली नाही. १९८२ मध्ये लॉस एंजेलिसचे ब्लॅक मेयर टॉम ब्रॅडली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभे होते, पोलमध्ये पुढे होते, आणि एक लाखाहून कमी मतांनी हरले. तिथून "ब्रॅडली इफेक्ट" हा शब्द आला, की लोक पोलवाल्याला एक सांगतात आणि पडद्याआड दुसरंच करतात. पुढे अभ्यासकांनी त्यावर बरेच वाद घातले, पोस्टाने आलेल्या मतांचा त्यात मोठा हात होता असंही दाखवलं, पण शब्द राहिला. १९८९ मध्ये व्हर्जिनियात गव्हर्नरपदाचे ब्लॅक उमेदवार डग्लस वाइल्डर आरामात जिंकणार असं पोल म्हणत होते, ते जिंकले, पण सात हजारांपेक्षा कमी मतांनी. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना "लोक बदललेत" असं सांगून पटत नाही.

आणि मग २००८.

मी तेव्हा या देशात नवीनच, मताचा अधिकार नव्हता, पण ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर एक ब्लॅक मैत्रीण होती आणि तिच्यामुळे मला हे सगळं अगदी जवळून बघायला मिळालं. आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास ती ठामपणे हिलरीची होती. ओबामा चांगला आहे म्हणायची, पण त्याला हे लोक निवडून देणार नाहीत, आणि दिलंच तर मारतील. मारतील हे ती अगदी सहज म्हणायची, हवामानाबद्दल बोलावं तसं, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. मग ३ जानेवारीला आयोवाचा कॉकस (प्रायमरीसारखीच, पण सभेत होणारी निवड) झाला. आयोवा म्हणजे दहातले नऊ लोक गोरे, मक्याची शेतं, छोटी गावं, आणि तिथे ओबामा पहिला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ही आली, कोट काढला नाही, पर्स खांद्यावरच, आणि माझ्या डेस्कपाशी उभी राहून हळूच म्हणाली, "दे व्होटेड फॉर हिम." बस एवढंच. तीन वेळा म्हणाली. २६ जानेवारीला साऊथ कॅरोलायनात ओबामाला ५५ टक्के आणि हिलरीला २७ टक्के पडले.

बघा ना, त्या तीन आठवड्यांत ओबामा बदलला नव्हता, त्याची भाषणं तीच होती, माझी मैत्रीणही तीच होती. बदलला तो फक्त तिचा बाकीच्यांबद्दलचा अंदाज.

अजून एक आकडा मी नेहमी सांगते कारण लोकांना तो खराच वाटत नाही. २००४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरीला, जो गोरा, युद्धात लढलेला, श्रीमंत, त्याला एक्झिट पोलप्रमाणे गोऱ्या मतदारांतली ४१ टक्के मतं होती. २००८ मध्ये ओबामाला ४३. १९६४ च्या लिंडन जॉन्सननंतर कुठल्याच डेमोक्रॅटला गोऱ्यांची बहुसंख्य मतं मिळालेली नाहीत, मग तो कुठल्याही रंगाचा असो. अर्थात देशभराच्या सरासरीत बरंच लपतं. अलाबामात ओबामाला जेमतेम दहातल्या एका गोऱ्याने मत दिलं, आणि आमच्या या दक्षिणेत राहणाऱ्या माणसाला तो आकडा ऐकून काडीचं आश्चर्य वाटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मला त्यातली एकच सांगणारे लोक आवडत नाहीत.

आता आपल्या लोकांबद्दल, कारण हे लिहायला बसले त्याचं निम्मं कारण तेच आहे. भारतीय वंशाच्या रिपब्लिकन नेत्या निक्की हेलीचं गाव बॅम्बर्ग, इथून गाडीने तासाभरावर. लहानपणी तिला आणि तिच्या बहिणीला गावातल्या सौंदर्यस्पर्धेत घातलं होतं, तिथे एक ब्लॅक क्वीन निवडायचे आणि एक व्हाइट क्वीन, आणि या दोघी कशातच बसेनात म्हणून त्यांना बाद केलं. ही गोष्ट तिने स्वतः सांगितलेली आहे. मला ती ऐकली की १९२३ ची भगतसिंग थिंद यांची केस आठवते, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही त्यामुळे नागरिक होऊ शकत नाही, आणि तो दरवाजा उघडायला १९४६ उजाडलं. तर अशा मधल्या रांगेतली ही मुलगी याच राज्यात दोनदा गव्हर्नर झाली, चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारल्यानंतर २०१५ मध्ये स्टेट हाऊससमोरचा कॉन्फेडरेट झेंडा (गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा) उतरवायच्या कायद्यावर तिनेच सही केली. आणि २०२४ मध्ये प्रेसिडेंटसाठी उभी राहिली तेव्हा तिचं जन्माचं नाव, निम्रता, ते मुद्दाम मोडूनतोडून लिहिलं गेलं, तुम्हाला कळावं की ही इथली नाही म्हणून. स्वतःच्या राज्यात ती वीस पॉइंटांनी हरली. मी म्हणत नाही की वंशामुळे हरली, ट्रम्पसमोर त्या वर्षी त्या पक्षात कुणीच टिकलं नसतं. पण नाव मोडून लिहिणाऱ्याला माहीत असतं ना की ते काम करतं.

आणि आपले लोक काय म्हणाले, तर "तिने नाव बदललं, धर्म बदलला, आपली कुठे राहिली." धर्म बदलला हे खरं. पण निक्की हे तिचं जन्मापासूनचं मधलं नाव आहे, हे मी आमच्या ग्रुपवर निदान चार वेळा लिहिलं असेल. त्याच ग्रुपवर कमलाबद्दल काय लिहिलं जायचं ते तर इथे टाइप करायलाही मला जड जातंय. आई श्यामला गोपालन चेन्नईची म्हणून "आपली", आणि वडील जमैकाचे म्हणून लगेच "ती कसली आपली." जुलै २०२४ मध्ये ट्रम्प शिकागोत ब्लॅक पत्रकारांच्या कार्यक्रमात म्हणाले की ती आधी भारतीय होती आणि अचानक ब्लॅक झाली. अहो, ती हॉवर्ड युनिव्हर्सिटीत शिकलीय, ब्लॅक विद्यार्थ्यांच्या त्या नावाजलेल्या विद्यापीठात, १९८० च्या दशकात. अचानक कुठलं! पण आमच्या ग्रुपवर त्या दिवशी हसण्याचे इमोजी आले आणि मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण आपलं बेळगावचं. श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. मराठी माणूस म्हणून मला आनंद झालाच, पण डेट्रॉइट हे बहुसंख्य ब्लॅक शहर, आणि जवळपास सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्या शहराचा एकही ब्लॅक प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही. तिथल्या लोकांना ते लागलं. आपण नुसते पेढे वाटून मोकळे होऊ नये असं मला तेव्हा वाटलं होतं, आजही वाटतं.

२०२४ च्या निकालानंतर तर "बघा, आम्ही म्हणत होतोच" म्हणणाऱ्यांना ऊत आलाय. ब्लॅक बाई जिंकू शकत नाही, २०२८ ला पुन्हा हा प्रयोग नको, कुणीतरी साधा गोरा पुरुष द्या. डेमोक्रॅट लोक हे एकमेकांत बोलतात, आणि वाईट मनाने नाही, घाबरून बोलतात. पण हॅरिस साधारण दीड पॉइंटाने हरली, प्रचाराला तिला साडेतीन महिने मिळाले, महागाईने लोक वैतागलेले होते, आणि ज्याच्या सरकारवर लोक चिडलेले त्याचीच ती व्हाइस प्रेसिडेंट. यातून वंशाचा वाटा नेमका किती हे कुणी चिमट्याने वेगळं काढून दाखवू शकत नाही. टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेवर स्टार काउंटी आहे, जवळपास सगळी लोकसंख्या लॅटिनो, तिने २०२४ मध्ये रिपब्लिकन उमेदवाराला मत दिलं, १८९२ नंतर पहिल्यांदा. म्हणजे हे लॅटिनो, हे आमचेच, हे गोरे, ते कधीच देणार नाहीत, असे जे खण करून आपण माणसं त्यात भरून ठेवतो त्यातून माणसं बाहेर पडत असतात आणि आपलं लक्षच नसतं.

माझा राग आहे तो अंदाजाला निकाल समजण्यावर. कारण अंदाज धरूनच मग पैसे कुणाला द्यायचे ते ठरतं, पाठिंबा कुणाला ते ठरतं, आणि ज्याच्याबद्दल अंदाज वाईट तो आयोवापर्यंतही पोचत नाही, मग आपण म्हणतो बघा, चाललाच नाही. त्या पोर्चवरच्या बाईंना मी मात्र यात धरत नाही. त्यांनी जे पाहिलंय त्यावरून त्यांनी अंदाज केला होता, आणि त्या वर्षी तो बरोबर निघाला. त्यांना चूक म्हणायचा मला काय अधिकार.

आता मी दारावर गेले की एक प्रश्न टाळते. कोण जिंकेल असं विचारत नाही. तुम्हाला कोण हवंय, एवढंच विचारते, आणि खरं सांगते, लोकांना या प्रश्नाची सवयच नाही. गेल्या वसंतात त्या बाईंकडे पुन्हा गेले होते. २०२४ ला त्या अर्ली व्होटिंगच्या पहिल्याच दिवशी जाऊन हॅरिसला मत देऊन आल्या होत्या, चर्चला घालतात तो निळा सूट घालून, त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही काढलं नाही. २०२८ चा विषय निघाला तेव्हा त्यांनी नेहमीसारखं सुरू केलं, अमुक चालेल, तमुक चालणार नाही, गोऱ्या बायका त्याला देतील, याला नाही देणार. मी म्हटलं, "ते राहू दे मॅम, तुम्हाला स्वतःला कोण हवंय?"

त्या बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या. शाल सारखी केली. मग एक नाव घेतलं, जे मी तोपर्यंत एकाही चर्चेत ऐकलं नव्हतं, आणि लगेच माझ्या क्लिपबोर्डवर हात ठेवून म्हणाल्या, "हे लिहू नकोस अजून."

मी लिहिलं नाही.